उजवा कौल

कळी कशामुळे पडते, हे हिरामण भोईरला ठाऊक होतं. वडिलांनी त्याला कळी लावायला शिकवलं होतं, आणि जो लावायला शिकतो त्याला पडायचंही कळतंच. पाषाण कोरडा असला की कळी लवकर सुटते. बोटाला पाणी जास्त असलं की ती बसून राहते. यात गुपित काही नव्हतं.

करावे गावात खाडीच्या अंगाला देवीची एक लहानशी देवळी आहे. तिच्या तीन बाजूंना आता चार-चार मजली इमारती उभ्या आहेत, त्यांतली एक हिरामणचीच. तिथे कौल लावायचा मान भोईरांच्या घराकडे होता. तगरीच्या दोन कळ्या देवीच्या दोन खांद्यांना पाण्याने चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उदबत्ती लावून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उदबत्ती विझेपर्यंत एकही पडली नाही, तर देवीला आज बोलायचं नाही असं समजून उठायचं. विझल्यानंतर पडलेली कळी मोजायची नाही.

ठाऊक असणं वेगळं आणि करणं वेगळं. हिरामणने ती रेघ कधी ओलांडली नव्हती. भावकीतले वाटे, पोरीबाळींची लग्नं, बोटी विकायच्या की ठेवायच्या, सगळे कौल त्याने दोन्ही खांद्यांना सारखं पाणी लावून घेतले. स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीला डावा कौल आला, तेव्हा चांगलं स्थळ सोडून दिलं. गावाचा त्याच्या हातावर विश्वास होता. त्याला स्वतःला तर त्याहून जास्त.

सरस्वतीच्या वेळी त्याने पाणी सारखं लावलं नाही.

सरस्वती त्याची बायको. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एक दिवस डायलिसिस, एक दिवस घरी पडून राहणं, असं तिचं चाललं होतं. पाणी मोजून. सकाळी एक फुलपात्र, दुपारी अर्धं, संध्याकाळी अर्धं. जन्मभर खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कोळंबी काढलेली बाई आता तहान लागली की ओला फडका ओठांना लावून बसायची. फुलपात्र भरायचं काम हिरामणकडे होतं. पाणी मोजायचा त्याचा हात चांगला होता.

डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणाची किडनी जुळली तर बदलून टाकू. हिरामणला जुनी साखर होती, त्याचं नाव पहिल्याच तपासणीत गळलं. मोठी मुलगी रंजिता, उलव्याला दिलेली. तिचा रक्तगट जुळला नाही. राहिला प्रीतम. न्हावा-शेव्याच्या बंदरात क्रेन चालवणारा, तिशी ओलांडलेला, एका लहान मुलीचा बाप.

रंजिता रिपोर्ट घेऊन आली त्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसले होते. प्रीतमच्या खांद्यावर त्याची पोर झोपली होती.

"प्रीतमचं जुळतंय," रंजिता म्हणाली. "सगळं जुळतंय. डॉक्टर बोलले, याहून चांगलं नाय मिळणार."

सगळ्यांनी प्रीतमकडे बघितलं. स्वयंपाकघरात त्याची बायको स्नेहल भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"बरं," प्रीतम म्हणाला. उठला, पोरीला आत नेऊन निजवलं, मोबाईल चार्जिंगला लावला आणि दार ओढून घेतलं. परत बाहेर आला नाही.

बोलली ती सरस्वती. "पोराच्या अंगाला सुरी लागनार ती माझ्यापायी. देवीला विचारल्याबिगर मी घेनार नाय."

"आय, डॉक्टर सांगतात ते पुरे नाय का तुला?"

"डॉक्टरला माझी किडनी दिसते, रंजिता. माझ्या नशिबात काय हाय ते त्याच्या मशीनमध्ये दिसतं का? देवी हो बोलली तर घेईन. नाय बोलली तर चाललंय तसं चालू दे."

चाललंय तसं चाललं तर ते किती दिवस चालेल, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिलाही.

हिरामण बंद दाराकडे बघत बसला. दारामागे काय चाललंय ते आपल्याला कळलं, असं त्याला वाटलं. पोरगा घाबरलाय. हो म्हणायचा धीर नाही आणि नाही म्हणायला तोंड नाही. उठावं, दार ढकलावं आणि विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पण तो नाही म्हणाला तर? एकदा तोंडातून गेलेलं 'नाही' घरात कायमचं राहतं, आई गेल्यावरही राहतं. विचारलंच नाही तर ऐकावं लागत नाही. हिरामण उठला तो सरस्वतीचं संध्याकाळचं अर्धं फुलपात्र भरायला.

मंगळवारी सकाळी सगळे देवळीत जमले. सरस्वतीला खुर्ची दिली. हिरामणने देवीचा मुखवटा उतरवला, पाषाण पुसला. डावीकडची कळी लावताना त्याने बोट तांब्यात बुडवून घेतलं. उजवीकडची लावताना तेच बोट आधी धोतराला पुसलं. हे करायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ त्याच्या पाठीला घाम होता. मग तो रोजच्या आवाजात गाऱ्हाणं घालू लागला. "आई, तुझी लेक तुझ्या दारात आलीय. पोटच्या पोराने हिला किडनी द्यावी असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे. नसंल तर डावा दे. जे तुझ्या मनात असंल ते आमच्या पदरात घाल."

उदबत्तीची पहिली राखही गळली नव्हती, तेव्हा उजवी कळी पडली.

सरस्वतीने दोन्ही हात तोंडावर घेतले. रंजिता भावाकडे बघून रडायला लागली. प्रीतमने पडलेल्या कळीकडे थोडा वेळ बघितलं, मग पायरीला डोकं टेकवलं.

"झालं तर मग," तो म्हणाला. "सुटीचा अर्ज टाकतो."

गावात बातमी फिरली. कौल मागायला येणारी माणसं वाढली. सीवूड्सच्या टॉवरमधली, कधी देवळीत न आलेली माणसंसुद्धा गाडी कुठे लावायची विचारत येऊ लागली. इतका झटकन कौल बऱ्याच वर्षांत पडला नाही, असं जुनी माणसं सांगत. हिरामण ऐकून घेई.

त्याने स्वतःशी हिशेब लावला होता. हात माझा, पण हाताला बुद्धी कोण देतं? देवीच्या मनात नसतं तर बोट पुसायचं मला सुचलं असतं का? सुचलं म्हणजे तिनेच सुचवलं. माणूस काही करतो ते तिच्या मर्जीत असतंच, तिच्या बाहेर जाऊन करणार कुठे? हा हिशेब दिवसा बरोबर यायचा. फक्त प्रीतम समोर आला की कुठेतरी हातचा राहून जायचा.

कारण प्रीतम तपासण्यांना जायचा तो शिफ्टला जावं तसा. डबा घेऊन जायचा, रक्त देऊन यायचा. तंबाखू सोडली. स्नेहलने एकदा हळूच काही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आता काय विचारायचं? ठरलंय ना." हिरामणने ते बाहेरून ऐकलं आणि त्याला बरं वाटलं. कौलाने पोराचा घोर मिटवला, असं त्याला वाटलं.

सगळ्या तपासण्या झाल्यावर शेवटची एक बैठक राहिली. हॉस्पिटलची समिती किडनी देणाऱ्याला एकट्याला आत बोलावते आणि त्याच्याशी बोलते. समोर कॅमेरा असतो. शर्मिला मॅडम म्हणून समितीतल्या एक बाई सगळ्या रुग्णांची ही कामं बघायच्या; त्यांनी आधीच सांगितलं होतं की घाबरण्यासारखं काही नाही, रक्ताच्या नात्यात सहसा अडचण येत नाही.

प्रीतम आत गेला. हिरामण आणि रंजिता बाहेर बाकावर बसले. ठरल्यापेक्षा बराच वेळ लागला. मग प्रीतम बाहेर आला आणि सरळ पाण्याच्या मशीनकडे गेला. मॅडमनी या दोघांना आत बोलावलं.

"समितीने परवानगी दिलेली नाही," त्या म्हणाल्या.

रंजिता हसली. तिला वाटलं, कुठला तरी कागद राहिला असेल. "काय कमी आहे ते सांगा, मी उद्या आणून देते."

"कागद पूर्ण आहेत. आम्ही त्यांना विचारलं, तुम्ही स्वतःच्या मर्जीने देताय का? ते म्हणाले, देवीचा कौल झालाय. डॉक्टरांनी विचारलं, कौल झाला नसता तर? ते म्हणाले, तर नसतो आलो. मग मी विचारलं, ते सगळं बाजूला ठेवा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ते म्हणाले, मला कोणी विचारलेलं नाही."

"मॅडम, तो साधा आहे. तसं बोलायची पद्धत असते आमच्याकडे. देवीचं नाव घेतात."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. उत्तर तेच आलं." त्या हिरामणकडे वळल्या. "काका, तुमच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कायद्याने मला देवीची परवानगी लागत नाही. त्यांची लागते."

"म्हणजे आता..." हिरामण म्हणाला.

"काही आठवड्यांनी परत या. पण प्रश्न हाच असेल. आणि पाठ करून आलेलं उत्तर आम्हाला कळतं."

खाली पार्किंगमध्ये गाडीपाशी रंजिताने भावाला गाठलं.

"दोन शब्द बोलायचे होते. मर्जीने देतोय. मराठीत जमत नव्हतं तर हिंदीत बोलायचं."

"ताई, कॅमेरा होता समोर."

"म्हणून तर."

"खोटं बोलू? देवीचं नाव घेऊन गेलो आणि तिला बाजूला सारून माझी मर्जी सांगू?"

"त्यात खोटं काय होतं?"

प्रीतम गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. "तेच मला म्हाईत नाय," तो म्हणाला. "खोटं होतं का खरं. मी विचारच केला नाय. कौल झाल्यावर विचार करायचा असतो का? बाबा, तूच सांग. इतकी वर्षं कौल लावतोस. कोणी केलाय का नंतर विचार?"

हिरामण गाडीत जाऊन बसला.

रंजिताला स्टेशनला सोडल्यावर प्रीतमने गाडी घराकडे न वळवता खाडीकडे वळवली आणि देवळीसमोर उभी केली.

"चावी हाय ना तुझ्याकडे?"

"हाय. आत्ता कशाला?"

"परत लाव."

आवारातल्या तगरीच्या दोन कळ्या प्रीतमने स्वतःच तोडल्या. उन्हं खारफुटीपर्यंत उतरली होती आणि देवळीत तांबूस उजेड आला होता. हिरामणने मुखवटा उतरवला, पाषाण पुसला.

"काय विचारायचं?"

"तेच. त्या दिवशीचं."

प्रीतम मांडी घालून अगदी जवळ बसला. तो देवीकडे बघत नव्हता. बापाच्या बोटाकडे बघत होता. हिरामणने तांब्यात बोट बुडवलं, डावी कळी लावली. परत बुडवलं. बोट धोतराकडे जायला निघालं होतं, ते त्याने मध्येच धरलं आणि उजवी कळीही तशीच, ओल्या बोटाने लावली. गाऱ्हाणं घातलं. उदबत्ती लावली.

दोघं बसले. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू झाला आणि थांबला. राख गळली, परत गळली. कळ्या होत्या तिथे होत्या. उदबत्ती काडीपर्यंत आली आणि विझली.

"त्या दिवशी पहिली राख पडायच्या आत पडली होती," प्रीतम म्हणाला.

"तिची मर्जी. आज तिला बोलायचं नसंल."

"बाबा."

एवढंच. हिरामणने फरशीकडे बघितलं. "उजवीला पानी कमी होतं," तो म्हणाला, आज भरती उशिरा आहे असं सांगावं तसा.

प्रीतम चिडला नाही. चिडला असता तर बरं, असं हिरामणला वाटलं.

"कधीपासून करतोस?"

"कधीच नाय केलं. ती एकच येळ."

"म्हणजे माझ्या एकट्यासाठी," प्रीतम म्हणाला आणि हसला. "मान मोठा दिलास."

"तुझी आय मरत होती, प्रीतम. हात माझा होता, पन हाताला बुद्धी कोन देतं? तिच्या मनात नसतं तर मला ते सुचलं असतं का?"

"बरं. मग आज मी कॅमेऱ्यासमोर बोललो, ती बुद्धी कोणी दिली?"

इतके महिने जुळवलेला हिशेब पोराने एका वाक्यात उलटा करून त्याच्या हातात दिला होता, आणि उलटा केल्यावरही तो तितकाच बरोबर येत होता.

"आता मला विचार," प्रीतम म्हणाला.

"काय विचारू?"

"देवीला विचारलंस तेच."

हिरामणला वेळ लागला. देवीसमोर शेकडो लोकांची गाऱ्हाणी न अडखळता घातलेलं तोंड होतं ते. "आयला," तो म्हणाला, आणि परत म्हणाला, "आयला किडनी देशील?"

"नाय."

खाडीवरून वारा आला. दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"त्या संध्याकाळी मी आत जाऊन बसलो होतो," प्रीतम सांगू लागला. "पोर झोपलेली. दाराला कडी नव्हती लावली. मला वाटलं तू येशील. नायतर ताई. कोणीतरी येऊन विचारेल. मी लय वेळ बसलो, बाबा. मग बाहेर तुमचं कौलाचं ठरलं, ते ऐकू आलं. मग निजलो."

"आलो असतो तर..." हिरामणने विचारलं. "तर काय बोलला असतास?"

प्रीतम उठला, पँटची धूळ झटकली. "ते आता तुला नाय सांगणार," तो म्हणाला. "ते तुला कधीच नाय कळणार."

मुखवटा परत चढवायचा राहिला. हिरामणने नुसतं दार ओढलं, कुलूप घातलं आणि पोराच्या मागे चालू लागला.

घरी सरस्वती पलंगावर उशीला टेकून बसली होती. ओला फडका हातात होता. रंजिताने फोनवर तिला अर्धंच सांगितलं होतं, की काही अडचण आहे, परत बोलावलंय.

"देवळाकडं गेलेलात ना? खालच्या बायनं गाडी बघितली," ती म्हणाली. "परत कौल लावलात?"

"लावला."

"काय दिलान?"

प्रीतम दारात बूट काढत होता. त्याचा हात नाडीवर थांबला. हिरामणला तिथे सगळं सांगता आलं असतं. देवीने काही दिलं नाही, आजही नाही आणि त्या दिवशीही नाही. जे काही झालं ते माणसांनी केलं. मग सरस्वतीने पोराकडे बघितलं असतं, आणि पोराने तिच्याकडे.

"डावा," हिरामण म्हणाला.

सरस्वतीने लांब श्वास सोडला आणि तिचे खांदे खाली आले, डोक्यावरची पाटी उतरवल्यासारखे.

"तिनंच दिलान, तिनंच परत घेतलान," ती म्हणाली. "बरं झालं. माझ्या जिवाला घोरच होता त्या सुरीचा." मग तिने दाराकडे तोंड केलं. "प्रीतम, मनाला लावून घेऊ नको रे. तुझ्या हातात काय होतं?"

प्रीतमने बूट जोडून भिंतीशी ठेवले. बापाकडे एकदा बघितलं, आत गेला आणि दार लावलं. या वेळी कडी वाजली.

हिरामणने माठातून अर्धं फुलपात्र भरलं. त्याचा हात कधी चुकत नसे. तिने ते घोट घोट करून संपवलं आणि रिकामं भांडं त्याच्या हातात देताना म्हणाली, "उद्या तिची ओटी भरा माझ्या नावानं. राग नाय धरला म्हनून सांगा तिला."

सकाळी तो ओटीचं सामान घेऊन देवळीत गेला. कुलूप काढलं, दार उघडलं.

उजवी कळी खाली पडलेली होती. देवीच्या पायाशी, चौरंगाच्या कडेला, अजून पांढरी. डावी खांद्याला घट्ट होती.

विझल्यानंतर पडलेली कळी मोजायची नाही. वडिलांनी तसंच शिकवलं होतं, आणि तो स्वतः सगळ्या गावाला तेच सांगत आला होता. हिरामण किती वेळ उभा होता कोण जाणे. मग बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. कोणीतरी कौलाला आलं होतं.

त्याने पडलेली कळी उचलली. डावी नखाने सोडवली. दोन्ही निर्माल्याच्या टोपलीत टाकल्या. मग धोतराचा सोगा घेतला आणि देवीचे दोन्ही खांदे, पाण्याचा डागही उरणार नाही असे, कोरडे पुसून काढले.